संधी : राजाची कृपा की नागरिकाचा हक्क? राजर्षी शाहू छत्रपतींचे जीवन

लोकशाही हा शब्द आज शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याची व्याख्या असते, परीक्षेत तिला दोन गुण मिळतात आणि परीक्षा संपली की ती विसरली जाते. निवडणूक आली म्हणजे गावात जीपगाड्या फिरतात, बोटाला शाई लागते आणि पुन्हा पाच वर्षे शांतता. परंतु ज्याच्या पोटाला काम नाही, ज्याच्या मुलाला शाळेत बसायला जागा नाही, ज्याला पाणवठ्यावरून हाकलले जाते, त्याच्या दृष्टीने लोकशाही म्हणजे नेमके काय? केवळ मताचा कागद पेटीत टाकणे म्हणजे लोकशाही काय? की माणूस म्हणून वर येण्याची संधी प्रत्येकाच्या दारापर्यंत पोहोचणे, हा तिचा खरा अर्थ?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका राजाचे चरित्र आठवते. लोकशाहीची चर्चा करताना राजाचे नाव कशाला, असे कोणी विचारील. तेही बरोबर आहे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे लोकांनी निवडून दिलेले राज्यकर्ते नव्हते. दत्तकविधानाने ते गादीवर आले आणि इंग्रजांच्या छत्राखाली त्यांनी राज्य केले. परंतु संधी या शब्दाचा अर्थ या देशात ज्यांनी कायद्याच्या हुकुमात बसवून दाखविला, त्या मोजक्या माणसांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. ते चरित्र नीट पाहिले म्हणजे संधी नुसती दार उघडल्याने का मिळत नाही, हे कळते. त्याचबरोबर एका चांगल्या राजाच्या मर्जीवर तिला का सोडता येत नाही, हेही कळते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले होते. त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. दहा वर्षांचे पोर गादीचे वारस झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

सूत्रे हाती घेतली खरी, पण राज्य कोणाच्या हातात होते? त्या वेळी कोल्हापूर दरबारच्या सर्वसाधारण कारभारात ७१ अधिकारपदे होती. त्यांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. महाराजांच्या खाजगी खात्यात ५२ जागा होत्या, त्यांतही ४५ ब्राह्मण. उरलेल्या साऱ्या प्रजेच्या, म्हणजे मराठा, कुणबी, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर, साळी-माळी, महार-मांग-चांभार यांच्या वाट्याला उरलेल्या मूठभर जागा, आणि त्यातही अस्पृश्याचे नाव शोधून सापडायचे नाही. शेतात राबायचे, सारा भरायचा, वेठबिगार करायची, ती या लोकांनी. आणि सारा लिहायचा, न्याय द्यायचा, नोकर नेमायचे, ते दुसऱ्यांनी. हे कोणी हुकूम काढून केलेले नव्हते. शिक्षण एका वर्गाच्या हाती राहिले होते. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती कचेरी आणि ज्याच्या हाती कचेरी त्याच्याच भाच्या-पुतण्याला पुढची जागा, अशी ती साखळी होती. ही साखळी कोणी एका दिवसात घडविली नव्हती, म्हणून ती आपोआप तुटणारीही नव्हती.

या साखळीचा चटका स्वतः राजालाही बसला. १८९९ च्या सुमारास कार्तिकातल्या स्नानासाठी महाराज पंचगंगेवर जात असत. त्यांच्यासाठी मंत्र म्हणणारा भटजी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत होता, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या लक्षात आणून दिली. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले की महाराज शूद्र आहेत, शूद्राला वेदाचा अधिकार नाही. वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्याच्या शब्दावर राज्य चालते, ज्याच्या अन्नावर तो भटजी जगतो, तो छत्रपती त्या भटजीच्या लेखी शूद्र! पुढे राजोपाध्यांनीही वेदोक्त विधी करण्याचे नाकारले, तेव्हा महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. यावरून सगळ्या महाराष्ट्रात रण माजले. केसरीसारखे बलाढ्य पत्र महाराजांच्या विरोधात उभे राहिले. ज्या समाजव्यवस्थेत सिंहासनावर बसलेला माणूसही जन्माच्या पायरीवरून खाली ढकलला जातो, तेथे वेशीबाहेरच्या माणसाची गत काय असेल, हे महाराजांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

परंतु या अपमानाच्याही आधी महाराजांना आणखी एक धडा मिळाला होता, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते. कोणावरही बंदी नव्हती. आणि झाले काय? थोड्याच काळात ते वसतिगृह ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला तेथे येण्याची वाटच माहीत नव्हती. आला तरी तेथे त्याला आपले म्हणणारे कोणी नव्हते. नियमात समता होती, पण जागा मात्र जुन्याच लोकांनी भरल्या. आजही पुष्कळ सुशिक्षित माणसे म्हणतात की सर्वांना समान वागवा, कोणाला वेगळी सवलत देऊ नका, म्हणजे न्याय होईल. त्यांना १८९६ च्या या वसतिगृहाची हकिगत सांगावी. आधीच पुढे उभा असलेला आणि आधीच मागे ढकललेला, या दोघांना एकाच रेषेवर उभे केल्याचे नाटक केले, तर शर्यतीचा निकाल शर्यतीआधीच लागलेला असतो.

महाराजांनी हा धडा मनावर घेतला. १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे, पुढे १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, नंतर लिंगायत आणि इतर जातींच्या विद्यार्थ्यांचे, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते यामुळे.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आक्षेप वरवर पाहता खरा वाटतो. परंतु शिक्षक म्हणून मला माहीत आहे की खेड्यातून तालुक्याला आलेल्या मुलाला पहिली गरज असते ती दोन वेळच्या भाकरीची आणि रात्री अभ्यासाला दिव्याची. तत्त्वज्ञान नंतर येते. १८९६ चा प्रयोग फसल्यावर महाराजांनी जो मार्ग धरला, तो त्या काळाच्या मर्यादेत मुलांना शिक्षणापर्यंत नेणारा होता. आणि याच वसतिगृहांच्या भिंतींतून त्या भिंती मोडणारी माणसेही निघाली. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा मुलगा अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करावयास त्याने नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, असे सांगतात. हाच मुलगा पुढे कर्मवीर झाला. त्याने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सर्व जातींची मुले एका पंगतीत बसविली.

शिक्षणाचे दार उघडले, पण शिकलेल्या पोराला कचेरीत कोण घेणार? १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने महाराज इंग्लंडला गेले होते. तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांचा तो ऐतिहासिक हुकूम करवीर दरबारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी हे पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले, अशी त्याची व्याख्या केली होती.

या हुकुमातील बारकावे पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट, नोकरीवर असलेल्या एकालाही महाराजांनी घरी बसविले नाही. जागा रिकामी झाली म्हणजे ती कशी भरायची, एवढेच ठरविले. दुसरी गोष्ट, ज्या खात्यात मागासलेल्या वर्गाचे लोक निम्म्याहून कमी असतील, तेथील पुढची नेमणूक त्या वर्गातीलच माणसाची करावी, असे स्पष्ट सांगितले. आणि तिसरी गोष्ट सर्वांत शहाणपणाची. या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा अहवाल प्रत्येक खात्याने दर तीन महिन्यांनी सादर करावा, असा त्यात नियम होता. नुसता उदार हेतू जाहीर करून भागत नाही, कचेरीत बसलेला माणूस तो हेतू दप्तरात गुंडाळून ठेवू शकतो, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. आजच्या राखीव जागांचा अनुशेष ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या तिमाही अहवालाचे मोल वेगळे सांगायला नको.

या हुकुमावर गदारोळ उठला. लायकी बुडाली, कारभार बिघडणार, अशी ओरड झाली. या संदर्भात एक आख्यायिका कोल्हापुरात अजून सांगतात. सांगलीचे एक वकील महाराजांना भेटले आणि जात न पाहता गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या व नोकऱ्या द्याव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. महाराज काही बोलले नाहीत. ते वकिलांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोडा आपल्या तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातले हरभरे खात होता. महाराजांनी सगळे हरभरे एका जाजमावर ओतायला सांगितले आणि घोडे मोकळे सोडले. धट्टीकट्टी घोडी पुढे घुसली. लाथा झाडीत त्यांनी सारे हरभरे फस्त केले. म्हातारी, आजारी घोडी आणि शिंगरे लांब उभी राहून पाहत राहिली. वकिलांना काय समजायचे ते समजले. गोष्ट अक्षरशः अशीच घडली असो वा नसो, तिच्यातला अर्थ महाराजांच्या प्रत्येक हुकुमात दिसतो.

वसतिगृह आणि नोकरी हे शिकलेल्यांचे प्रश्न. ज्यांनी शाळेचा उंबराच पाहिला नाही त्यांचे काय? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. ब्रिटिश हद्दीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये तसे विधेयक मांडले, पण ते नामंजूर झाले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांच्या कष्टाचे मोल. दंड कठोर वाटेल. परंतु पोटासाठी पोराला गुरांमागे पाठविणाऱ्या बापाला शाळेचे महत्त्व पटेपर्यंत थांबायचे, तर आणखी एक पिढी अंधारात जाते. म्हणून राज्याने फी माफ केली आणि सक्तीही केली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने ते घ्यायला लावले.

अस्पृश्यांच्या बाबतीत महाराज एकेक पाऊल टाकीत गेले. १९१९ पर्यंत त्यांच्या राज्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. सप्टेंबर १९१९ मध्ये हुकूम काढून त्यांनी त्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्यास सांगितले. त्याच वर्षी दवाखाने, कचेऱ्या, शाळा, धर्मशाळा, सार्वजनिक पाणवठे येथे अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे असे हुकूम निघाले. ज्या नोकराला हे जमत नसेल त्याने राजीनामा देऊन घरी जावे, असेही बजावले होते. १९१८ मध्ये महार वतन रद्द करून वतनाच्या जमिनी त्यांच्या नावावर रयताव्याने करून दिल्या. वतन म्हणजे तुकडाभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाची आणि सरकारची गुलामी. त्याच वर्षी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहारेकऱ्याच्या कामावर ठेवले. ज्यांना जग चोर म्हणत होते, त्यांच्या हाती महाराजांनी आपल्या दाराची राखण दिली! १९२० मध्ये वेठबिगारी बंद केली. अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. कोणाला हत्तीचे माहूत केले, कोणाला आपल्या गाडीचे सारथी केले.

गंगाराम कांबळे यांची हकिगत तर प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे. ते महाराजांच्या पागेत नोकर होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावाहून आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण शिक्षेने गंगारामचे पोट भरणार नव्हते आणि समाजाची नजरही बदलणार नव्हती. महाराजांनी गंगारामला भांडवल देऊन कोल्हापुरातील भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढून दिले. दुकानावर पाटी लागली सत्यसुधारक हॉटेल. आता महाराच्या हातचा चहा घेणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करीत, गंगारामला चहा आणायला सांगत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजीत. राजाने घेतल्यावर नाही कोण म्हणणार? भांडवलाशिवाय धंदा नाही, हे सर्वांना समजते. परंतु ज्याच्या हातचे घ्यायलाच कोणी तयार नाही, त्याला भांडवल देऊनही धंदा मिळत नाही. संधी द्यायची तर पैशाबरोबर बाजारही द्यावा लागतो, आणि बाजार म्हणजे शेवटी माणसांची मने. महाराज ते एक कप चहाने करून दाखवीत होते.

राजकारणातही महाराजांची भूमिका हीच होती. पहिल्या महायुद्धानंतर माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची चर्चा सुरू झाली. कायदेमंडळे येणार, मते पडणार, मंत्री होणार. होमरूलची मागणी जोरात होती. महाराजांचे म्हणणे असे की जातीची उतरंड तशीच ठेवून स्वराज्य आले, तर ते मूठभरांचे राज्य होईल, म्हणून मागासलेल्या वर्गांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. यावरून त्यांना इंग्रजधार्जिणे म्हटले गेले. पण याच सुमारास, जानेवारी १९१९ मध्ये, साऊथबरो कमिटीपुढे एक तरुण प्राध्यापक अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी मागत होता. त्याचे नाव डॉ. भीमराव आंबेडकर.

या दोघांची भेट म्हणजे आपल्या इतिहासातील एक भाग्याची घटना. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे मूकनायक पाक्षिक निघाले, त्याला महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः परिषदेला आले. तेथे त्यांनी जमलेल्या लोकांचे अभिनंदन केले, ते यासाठी की त्यांना त्यांच्यातूनच त्यांचा पुढारी सापडला आहे. लगेच ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. तिचे अध्यक्षस्थान महाराजांनी स्वीकारले. कायदेमंडळातील अस्पृश्यांचा प्रतिनिधी मंडळातल्या इतर सभासदांनी निवडावा, अशी एक सूचना त्या वेळी पुढे आलेली होती. परिषदेने तिला विरोध केला. आमच्या वतीने कोण बोलणार हे दुसऱ्यांनी ठरवायचे, हे आम्हांला मान्य नाही, असा त्याचा अर्थ. माणगावात राजाने जे सांगितले, तेच नागपुरात जनतेने ठरावात मांडले.

येथे मला महाराजांच्या मर्यादेविषयीही लिहिले पाहिजे. केवळ आरती ओवाळणे हे आपल्या धम्माला धरून नाही. वेदोक्ताच्या झगड्यात महाराजांनी ब्राह्मण पुरोहिताची मक्तेदारी मोडली. पुरोहितांसाठी वैदिक शाळा काढली, १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंची गादी निर्माण केली, आर्य समाजाला आश्रय दिला. म्हणजे त्यांनी पुरोहित बदलला, वेदी मात्र तीच ठेवली. ज्या ग्रंथांनी राजाला शूद्र ठरविले, त्याच ग्रंथांत आपला अधिकार शोधण्यात त्यांची बरीच शक्ती खर्च झाली. हा मार्ग कोठे अडतो हे बाबासाहेबांनी पुढे ओळखले. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला बुद्धाच्या मार्गावर आणले. महाराजांच्या हयातीत बाबासाहेबांनी तो मार्ग अजून दाखविलेला नव्हता, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु दोन मार्गांतला फरक आपण विसरू नये.

दुसरी मर्यादा राजेपणाची होती, आणि ती अधिक मूलभूत आहे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिक्षण घेत होते. कोल्हापूरच्या महारवाड्यातली माणसे त्या दिवशी धाय मोकलून रडली असतील, यात मला शंका नाही. पण त्या रडण्याचा अर्थ काय? त्यांचा माय-बाप गेला होता. जे काही मिळाले होते ते एका माणसाच्या मोठ्या मनामुळे मिळाले होते, आणि ते मन आता थांबले होते. राजाच्या हुकुमाने उघडलेले दार दुसऱ्या राजाच्या हुकुमाने बंदही होऊ शकते. गंगारामच्या दुकानासमोर आता गाडी कोण थांबविणार? १९२५ मध्ये गंगाराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. महाराजांचे ते पहिले स्मारक म्हणून ओळखले जाते. सरदार-दरकदारांच्या आधी ज्यांनी स्मारक उभारले ते वेशीबाहेरचे लोक होते. कृतज्ञता म्हणतात ती ही. परंतु कृतज्ञता कितीही खरी असली, तरी तिच्यावर पुढच्या पिढीचे भवितव्य उभे करता येत नाही.

बाबासाहेबांचे कार्य येथून पुढे सुरू होते. महाराजांनी जे कृपा म्हणून दिले, ते बाबासाहेबांनी हक्क म्हणून लिहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले तेव्हा छत्रपतींची प्रजा भारताची नागरिक झाली. प्रजा आणि नागरिक या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! प्रजा मागते आणि राजा देतो. नागरिकाला मागावे लागत नाही, ते त्याचे असते. आणि कोणी दिले नाही तर तो न्यायालयात उभा राहू शकतो. १९०२ चा हुकूम संविधानाच्या कलम १६ मध्ये आला. सर्वांना समान संधी, आणि तीच समता खरी व्हावी म्हणून ज्या मागासवर्गाला नोकरीत पुरेसे स्थान नाही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याची मुभा. १९१९ चे पाणवठ्याचे आणि शाळेचे हुकूम कलम १५ आणि १७ मध्ये आले. आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. जमीनदार आणि भूमिहीन, शास्त्री आणि निरक्षर, सर्वांच्या मताचे वजन सारखे होते.

परंतु महाराजांचे काही हुकूम कायद्यात यायलाही फार काळ लागला. महार वतन कोल्हापुरात १९१८ मध्ये गेले; मुंबई राज्यात ते नाहीसे करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. सक्तीचे मोफत शिक्षण कोल्हापुरात १९१७ मध्ये आले. भारतात ते मूलभूत हक्क म्हणून प्रत्यक्ष अंमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. ९३ वर्षांचे हे अंतर आहे. या ९३ वर्षांत किती पोरे गुरांमागे गेली असतील, किती मुली धुण्याभांड्याला जुंपल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार? राजा एका दिवसात हुकूम काढू शकत होता, लोकशाहीला इतका वेळ का लागला, असे कोणी विचारील. लोकशाहीत हुकूम काढणारा राजा आपणच असतो. आपण मागणी केली नाही, संघटना केली नाही, मत विकले, म्हणून उशीर झाला. लोकशाही मंद चालते ती तिचे मालक झोपलेले असतात म्हणून.

संविधान सभेतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी याच धोक्याची सूचना दिली होती. राजकारणात आपण एका माणसाला एक मत देत आहोत, पण समाजात आणि अर्थव्यवहारात माणसाची किंमत सारखी नाही, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलाराच उधळून लावतील, असा त्यांचा इशारा होता. मत आणि संधी ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. मत आहे पण संधी नाही, तर मत विकले जाते, कारण उपाशी माणसाला पन्नास रुपयेही मोठे वाटतात. संधी आहे पण मत नाही, तर ती देणाऱ्याच्या मर्जीवर राहते, मग तो देणारा शाहू महाराजांसारखा थोर का असेना.

महाराष्ट्र सरकारने २००६ पासून २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. शाळेत त्या दिवशी प्रतिमेला हार घातला जातो, दोन भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो. हे सारे चांगले आहे. पण ज्या हाताने आपण हार घालतो, त्याच हाताने त्या दिवशी शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहावे. कोणते मूल पंधरा दिवस आले नाही? ते ऊसतोडीला गेले की वीटभट्टीवर? त्याची शिष्यवृत्ती आली की कोठल्या कपाटात अडली? महाराजांनी दर तीन महिन्यांनी अहवाल मागितला होता. आता तो अहवाल मागणारे महाराज नाहीत. तो मागण्याचा अधिकार तुमच्या-माझ्या हाती आला आहे.

आपल्यापैकी अनेक जण घराण्यातले पहिले पदवीधर आहेत. आपल्या बापाने अंगठा उठविला आणि आपण सही करतो. ही सही आपल्या एकट्याच्या हुशारीची नाही. तिच्यामागे एका राजाचा हुकूम आहे, एका महामानवाने लिहिलेले संविधान आहे आणि नाव नसलेल्या असंख्य माणसांचा लढा आहे. ज्याला संधी मिळाली त्याने मागे वळून पाहिले नाही, तर तोही नवा राजोपाध्याच होतो, मग त्याची जात कोणतीही असो. आपल्या वस्तीतले एक मूल जरी आपण शाळेच्या दारापर्यंत नेले, त्याचा अर्ज भरून दिला, त्याच्या बापाला मत विकू नये हे पटवून दिले, तरी शाहू महाराजांचे स्मारक आपण आपल्या गल्लीत उभारले असे होईल. गंगाराम कांबळे यांनी दगड-विटांचे उभारले. आपण माणसांचे उभारू या.

जय भीम.